जितं पाणी

फुईनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे पाणी गाळणं. पावसाळा सरत आला होता. तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा चारपदरी करून गंजाच्या तोंडावर ताणून धरला होता आणि मी कळशी तिरपी करून धार सोडत होतो. धार जाड पडली की फडकं मध्ये खचायचं आणि तिच्या हातावर पाणी यायचं. "हळू सोड रे पोऱ्या, म्हैस मुतल्यावानी काय सोडतो," ती म्हणाली. मी म्हटलं, "तूच नीट धर, अंतरपाट धरल्यासारखं." "अंतरपाट धरीन तुह्या लग्नात. पहिले मिशी तर फुटू दे." आतून जिजी हसली, तिला पोट धरून हसावं लागायचं. गल्लीतल्या मागांची खटखट एकेक करून बंद होत होती, चुलीवर कळण्याची भाकरी होती, आणि फुईनं फडकं पायरीवर झटकलं तेव्हा त्याचे शिंतोडे माझ्या तोंडावर आले. एवढंच. दुसऱ्या दिवशी जिजीचे डोळे पिवळे दिसले. त्यानंतर मी आणि फुई एका घरात बारा वर्षं राहिलो, पण मिळून काही केलं नाही.

फुई म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झालेली, सासरनं परत पाठवलेली. माझी आई मी दोन वर्षांचा असताना गेली, तिचं तोंड मला आठवत नाही. आठवतो तो फुईचा हात. खरबरीत, लसणाच्या वासाचा. ताप आला की तोच कपाळावर, मार खाऊन आलो की तोच पाठीवर. आप्पा, म्हणजे माझे वडील, एका माग कारखान्यात होते. सकाळी जायचे, कापसाचे तंतू भुवयांत घेऊन संध्याकाळी यायचे, जेवायचे, झोपायचे. ते वाईट नव्हते, कमी बोलायचे. घर फुई चालवायची. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो आणि मग गेलो नाही, कोणी मला विचारलं नाही आणि मी कोणाला सांगितलं नाही. आणि जिजी, माझी थोरली बहीण सुभद्रा, जसोंडीला दिलेली. सासरी केळीचे मळे. ती आली की केळीचा घड यायचा, तो आढ्याला टांगायचे आणि पिकायला लागला की सगळ्या घरात वास.

त्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणाला आली होती. पहिलं बाळंतपण माहेरचं. म्हणजे जे काय बरंवाईट होईल ते माहेरच्या माथी. आमच्याकडे हे कोणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. सातवा लागला होता. तिला केळफुलाच्या भाजीचे डोहाळे लागले होते, आणि फुई ती भाजी करायला बसली की एकेक फुलातला दांडा काढत दुपार घालवायची. जिजी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मला तिनं खेळवलेलं. मी तेव्हा तेरा वर्षांचा असेन, पण ती मला मांडीवर डोकं ठेवायला सांगायची आणि म्हणायची, "ऐक, तुहा भाचा लाथा मारून राहिला." मी कान लावायचो. मला काही ऐकू यायचं नाही. पण मी म्हणायचो, हो, मारतोय.

आमच्या तापीकाठच्या गावात काविळीची साथ होती. दवाखान्यातली नर्सबाई घरोघर फिरत होती, हातात पिशवी, पायात चिखलानं भरलेल्या चपला. ती आमच्याकडे आली, जिजीला पाहिलं आणि ओट्यावर बसून आप्पांना म्हणाली, "भैया, पेट से है. पीलिया हो गया तो दो जान जाएँगी, समझे?" आप्पा मान हलवत राहिले. मग तिनं विचारलं, "पानी कौन भरता है?" फुईनं माझ्याकडे बोट केलं. त्या बाईनं मला जवळ बोलावलं आणि मोठ्या माणसाशी बोलावं तसं समजावून सांगितलं. विहिरीचं पाणी आधी निवळू द्यायचं, तुरटीचा खडा दोन फेर फिरवायचा. वरचं वरचं काढून गाळायचं. मग उकळायचं. "बुलबुले आ गए तो उतारना नहीं. उसके बाद भी थोड़ी देर." मी विचारलं, थोड़ी म्हणजे किती? ती हसली. "पहाड़े आते हैं?" येतात म्हटलं. "तो दो से दस तक बोल ले, फिर उतार." झाकून थंड करायचं, वेगळ्या माठात ओतायचं, त्यात हात बुडवायचा नाही, लांब दांड्याच्या डोयानं काढायचं. आणि तो माठ दुसऱ्या कोणाचा नाही. जाताना तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "तेरी बहन तेरे हाथ में है." मला ते फार मोठं वाटलं. तेवढं मोठं काम मला कोणी दिलं नव्हतं.

मी ते केलं. हे मी आता म्हातारपणी फुशारकीनं लिहीत नाही, जे झालं ते लिहितो. रोज सकाळी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या, धुरानं डोळे चुरचुरायचे, भगोनं काळं व्हायचं. पाण्याला आधी तळाशी बारीक मणी येतात, मग ते कडेनं वर चढतात, मग आवाज बदलतो, आणि मग सगळं पाणी उलथंपालथं व्हायला लागतं. तिथून मी पाढे म्हणायचो. बे एके बे पासून दहा दाहे शंभर. आठाच्या पाढ्यात चुकलो तर पहिल्यापासून. जिजी आतून ओरडायची, "आठ सत्ते छप्पन्न रे गाढवा!" मी शाळेत पाढे शिकलो नाही ते चुलीपुढे शिकलो. फुई हे सगळं बघायची आणि तोंड वाकडं करायची. "एवढं जाळून जाळून पाण्यातला जीव जातो," म्हणायची. मी म्हणायचो, जीवच मारायचा आहे ना त्यातला. जिजीच्या माठाला मी चुन्याचं बोट लावलं होतं. फक्त माठ घासायचं काम फुईनं मला दिलं नाही. "तुह्या हातून फुटीन, ते माह्याकडे राहू दे." मला बरंच वाटलं, एक काम कमी.

माझ्या घरात आता पाण्याचं यंत्र आहे. नातवानं भिंतीला लावलंय, हिरवा दिवा लागतो. चांगलं पाणी येतं, माझी तक्रार नाही. माझी बायको लीला मात्र शेवटपर्यंत त्यातलंही पाणी घेऊन गॅसवर उकळायची. सून हसायची, "मम्मीजी, ये तो शुद्ध ही है." लीला म्हणायची, "राहू दे, यांना पाण्याचा आवाज ऐकल्याशिवाय पाणी जात नाही." ती गेली त्याला आठ महिने झाले. तिच्या तेराव्याला जिजी जसोंडीहून आली. ऐंशीची झालीय, काठी टेकत आली, नातवाच्या गाडीतून. बसली, रडली, लीलाच्या फोटोला हात जोडले. सुनेनं पाण्याचा ग्लास आणला. जिजीनं तो घेतला, खाली ठेवला, आणि पिशवीतून दुकानातली बंद बाटली काढून त्यातलं पाणी प्यायली. सुनेला काही कळलं नाही. मला कळलं. माझ्या घरचं पाणी ती साठ वर्षांत प्यायली नाही. लीला असती तर तिनं टेबलाखालून माझा हात दाबला असता. त्या दिवशी दाबायला कोणी नव्हतं. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

तर, जिजीचे डोळे पिवळे झाले. आधी अन्नावरची वासना गेली, मग लघवी हळदीसारखी, मग उलट्या. फुईनं एका बाईकडून गळ्यात घालायची माळ आणली, एरंडाच्या पानांचा रस पाजला. आप्पा दोन दिवस थांबले आणि मग हातगाडीवर निजवून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मी गाडीला धरून पळत होतो. जिजीला माणसं ओळखू येईनात. ती मला "आई" म्हणाली. तिथं सहाव्या दिवशी बाळ झालं, दोन महिने आधीच. मुलगा होता. मी पाहिला नाही, मला पाहू दिलं नाही. आप्पांनी फडक्यात गुंडाळून नदीवरच्या राजघाटाच्या पलीकडे नेला आणि परत आले तेव्हा त्यांच्या बाहीला ओली माती होती. जिजी वाचेल असं कोणी म्हणत नव्हतं. पण वाचली. तीन आठवडे पडून होती आणि वाचली.

ज्या दिवशी तिला घरी आणलं त्याच सकाळी जसोंडीहून तिची सासू आणि नवरा आले. विहीणबाई अंगानं भरलेल्या, कपाळावर मोठं कुंकू, बोलायला लागल्या की दुसऱ्याला जागा नाही. जावई भला माणूस, पण आईपुढे बसला की पोरगा. जिजीला भिंतीला टेकवून बसवलं होतं. तिचे केस गळून वेणी उंदराच्या शेपटीएवढी राहिली होती. विहीणबाईंनी चहाला हात लावला नाही. म्हणाल्या, "मी चांगली हसतीखेळती सून पाठवली होती व माय. हे काय परत देऊन राहिले मले?" आप्पा खाली बघत होते. "नर्सबाई सांगून गेली होती म्हणे, पाणी उकळून पाजा म्हणून. पाजलं का?" आप्पांनी मला हाक मारली. मी दारात उभा होतो.

"रघ्या, पाणी उकळत होतास ना रोज?"

"हो."

"रोज?"

"रोज. पाढे म्हणून."

"पाढे!" विहीणबाई म्हणाल्या. "पोटुशीचं पाणी पोराच्या पाढ्यावर सोडलं होतं का बाप्पा? वा रे तुमचं घर!"

मी म्हटलं, "एक दिवस चुकवला नाही. जिजीला विचारा." मी जिजीकडे बघितलं. तिचे डोळे अजून पिवळट होते. मग मी फुईकडे बघितलं, कारण फुई तर रोज चुलीपाशीच असायची. तिनं बघितलं होतं. ती सांगेल. फुई उठली, माझ्याजवळ आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विहीणबाईंना म्हणाली, "लेकरू आहे हो. केला असंल एखाद दिवस कंटाळा. मी तरी कुठं उभी होते चोवीस तास. झाली चूक, पोटात घाला. आई नाही त्याले."

मला आधी समजलंच नाही ती कोणाबद्दल बोलतेय. मग आप्पा उठले आणि त्यांनी मला थप्पड मारली. हात मोठा वर गेला, आवाज झाला, पण गालावर हलकाच पडला. मला तेव्हा वाटलं, आप्पांना माझी दया आली. जिजी पहिल्यांदा बोलली. आवाज खोल गेलेला. "रघ्या, तू मले कच्चं पाणी पाजलं?" मी नाही नाही म्हणत राहिलो. ती भिंतीकडे तोंड करून बसली. विहीणबाईंचा राग उतरला होता, हे मला आठवतं. त्या म्हणाल्या, "पोरगं ते पोरगं, त्याले काय अक्कल. पण उद्या सकाळी मी माही सून घेऊन जाते. पथ्यपाणी आता माह्या नजरेखाली." आणि चहा उचलला. फुईनं तो थंड झाला म्हणून परत गरम करून दिला. चहा गरम करायची सवड होती तिला.

माणसाला वारंवार सांगितलं की त्याला खरंच वाटायला लागतं. मी मागच्या अंगणात जाऊन बसलो आणि आठवायला लागलो. एखादा दिवस चुकला का? पोळ्याच्या दिवशी? त्या दिवशी मी बैल बघायला गेलो होतो. पण उकळून गेलो होतो. गेलो होतो ना? मला माझाच भरवसा वाटेना. कोपऱ्यात जिजीचा माठ होता, चुन्याचं बोट लावलेला, तीन आठवडे कोणी हात न लावलेला, कोरडा. मला तो डोळ्यांसमोर नको होता. फोडून टाकावा म्हणून उचलला आणि आत बघितलं. तळाला गाळ वाळून बसला होता. बोटाच्या नखाएवढा जाड, काळसर, भेगा पडलेला. मी नखानं खरवडला आणि उन्हात धरला. त्यात बारीक चकचकीत कण होते.

हे ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. आमच्या विहिरीचं पाणी तुरटी फिरवून, चारपदरी फडक्यातून गाळून, उकळून माठात ओतलं तर वर्षभरातसुद्धा असा गाळ बसत नाही. पांढरा पापुद्रा येतो फार तर. हा चकचकीत गाळ तापीचा. पुराच्या दिवसांत नदी असंच पाणी आणते. आम्ही पोरं राजघाटावर पोहून आलो की अंगावर हेच कण सुकायचे आणि त्यावरून घरी चोरी पकडली जायची. आणि राजघाटावर रोज पहाटे कोण जायचं? फुई जायची अंघोळीला. येताना तांब्याची लोटी भरून आणायची, देवावर घालायला. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. लोटी देवापाशी गेल्यावर पुढं कुठं जाते ते मी कधी बघितलं नव्हतं, कारण त्या वेळी मी चुलीपुढे पाढे म्हणत बसलेलो असायचो. आणि माठ घासायचं काम ती मला का देत नव्हती तेही आता कळलं.

फुई ओसरीवर तांदूळ निवडत होती. पाहुणे आत जिजीपाशी. मी गाळाचा तुकडा तिच्या सुपात टाकला. तिनं तो बघितला आणि तांदळातला खडा काढावा तसा उचलून बाजूला ठेवला.

"तू ओतत होतीस," मी म्हटलं.

"हळू बोल."

"कच्चं ओतत होतीस. रोज."

"एक ओंजळभर," ती म्हणाली. "जास्त नाही. अरे, उकळलेलं पाणी मेलेलं असतं. मेलेलं पाणी पोटुशीला पाजायचं? गर्भाला बाधत नाही का? दुधाला विरजण लागतं ना, तसं त्याले थोडं जितं पाणी लावावं लागते. तापीमाईचं. तुह्या आजीनं लावलं, मी लावलं. कोणाचं वाईट झालं?"

"जिजीचं झालं. बाळ गेलं."

तिनं सूप खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं नव्हतं. "माह्या पाण्यानं नाही झालं रे ते. नशिबात होतं. साथच होती गावात. पण हे लोकं ऐकतील का? ती बाई ऐकीन का?" मग तिनं माझं मनगट पकडलं. "रघू, माह्या राजा, ऐक. तुह्या बापानं घालवलं तर मी कुठं जाऊ? मले सासर नाही, पोर नाही. तू पोरगा आहे. दोन दिवस बोलतील, विसरतील. माह्यासाठी एवढं नाही करणार?"

मी मनगट सोडवून घेतलं. त्या हाताला तेव्हाही लसणाचाच वास होता.

मी आप्पांकडे पळालो. पाहुण्यांमुळे ते त्या दिवशी दुपारपाळीला गेले होते. कारखान्याच्या दारात उभं राहिलं तरी काही ऐकू येत नाही, शंभर माग एकदम चालतात, जमीन पायाखाली हलते. मी हातानं खूण केली. आप्पा बाहेर आले, भिंतीच्या सावलीत. तिथंही ओरडावं लागत होतं. मी ओरडून सांगितलं. माठात तापीचा गाळ आहे, फुई रोज कच्चं पाणी ओतत होती, तिनं कबूल केलं, चला, मी दाखवतो.

आप्पांनी भुवईवरचा कापूस पुसला. म्हणाले, "माहीत आहे."

मला वाटलं, मागांच्या आवाजात मी चुकीचं ऐकलं. मी परत सांगायला लागलो. त्यांनी माझा खांदा धरला आणि कानाशी वाकले. "माहीत आहे म्हटलं. मी सकाळी निघायचो तेव्हा बघायचो. ओंजळभर पाण्यानं काय होतं, असं वाटलं मला. नदीचं पाणी तर आपण जन्मभर प्यायलो."

"मग सकाळी सांगितलं का नाही?"

"कोणाला? विहीणबाईला? घरातल्या कर्त्या बाईनं पोटुशीला नदीचं पाणी पाजलं, हे सांगू? ती उद्या सुभद्रेला इथंच टाकून जाईल. म्हणेल, असल्या घरची पोर आम्हाला नको. पोराची चूक माणसं पोटात घालतात. बघितलं नाहीस, चहा प्यायली ती."

"आणि मला मारलं?"

"जोरात मारलं का?" आप्पा म्हणाले. खरंच विचारत होते. त्यांना वाटत होतं की ती हलकी थप्पड म्हणजे त्यांनी माझ्यावर केलेले उपकार. मग म्हणाले, "कोणाला बोलू नकोस. सुभद्रेला तर नाहीच. तिच्या तोंडातून निघेल. तिचा संसार आता तुझ्या तोंडावर आहे." आणि आत गेले. दार उघडलं तेव्हा खटखट मोठी झाली आणि मिटलं तेव्हा परत लहान.

नर्सबाई म्हणाली होती बहीण तुझ्या हातात आहे, बाप म्हणाला संसार तुझ्या तोंडावर आहे. सगळ्या मोठ्यांनी मिळून तेरा वर्षांच्या पोराकडे जेवढं द्यायचं तेवढं दिलं. मी आता पंच्याहत्तरीला आलो, मला दोघांचीही अडचण समजते. बिनघरची बाई होती, कुठं गेली असती. बापाला पोरीचा संसार वाचवायचा होता, आणि तो वाचला, जिजीला पुढे तीन पोरं झाली. समजतं. पण समजलं म्हणून दुखायचं थांबतं असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या घरी वाटून घ्यावं. फुई मरताना मी खांदा दिला. तिच्या हातच्या भाकरी बारा वर्षं खाल्ल्या, दुसरीकडे कुठं मिळणार होत्या. तिनं ते पुन्हा कधी काढलं नाही. माझ्या पानात तूप मात्र जास्त वाढायची. मी ते भाकरीनं बाजूला सारायचो.

ती गेल्यावर, आप्पाही गेल्यावर, मी जसोंडीला जाऊन जिजीला सगळं सांगितलं. मळ्याच्या बांधावर बसून, पहिल्यापासून. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मेलेल्या माणसावर ढकलतो रे? जिनं तुले माफ केलं तिच्यावर?" मी उठून आलो. त्यानंतर एकाच माणसाला सांगितलं, लीलाला, लग्नाच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी. तिनं एकच विचारलं, "तुम्ही उकळलं होतं ना?" मी म्हटलं, हो. "मग झालं," म्हणाली आणि वांगी चिरायला लागली. एवढं सोपं होतं ते. चार माणसांतून कोणीतरी तेवढंच म्हणायला हवं होतं.

आता त्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

मी सगळ्यांच्या आधी उठलो. आप्पांनी गप्प राहा म्हटलं होतं, मी गप्प राहणार होतो, ते मी रात्रीच ठरवलं होतं. पण जिजीला वाटेत पाणी लागणार होतं. मी पऱ्हाट्या पेटवल्या. आदल्या दिवशीच निवळून ठेवलेलं पाणी गाळलं, उकळलं. पाढे मनात म्हटले, दोन वेळा. फिरकीचा तांब्या राखेनं घासून, त्यावर उकळतं पाणी फिरवून, त्यात भरला आणि फिरकी घट्ट आवळली. गाडी दारात आली. बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती. जावयांनी गादी टाकली, जिजीला धरून बाहेर आणलं. आप्पा गाडीपाशी उभे. गल्लीतल्या चार बायका निरोपाला आलेल्या. मी तांब्या जिजीच्या हातात दिला. तिनं घेतला, बघितला, आणि सासूकडे दिला. विहीणबाईंनी फिरकी काढली आणि सगळं पाणी बैलाच्या पायाशी ओतून दिलं. रागानं नाही. शिळं पाणी ओतावं तसं. "याच्या हातचं राहू दे आता," म्हणाल्या.

तेवढ्यात फुई राजघाटावरून आली. ओल्या लुगड्यात, हातात भरलेली लोटी. तिला रिकामा तांब्या दिसला. "थांबा व माय, पोरगी रिकाम्या तांब्यानं कशी जाईन," म्हणाली. आणि तांब्यात पाणी घालायच्या आधी, जाणाऱ्या लेकीला पाजतात तशी, लोटी जिजीच्या ओठांपाशी नेली आणि विहीणबाईंना ऐकू जाणार नाही अशी कुजबुजली, "घे माय. तापीमाईचं आहे. जितं पाणी आहे, अंगात ताकद येईन." मी आप्पांकडे बघितलं. आदल्या दुपारी आम्ही दोघं एकच गोष्ट बोललो होतो. त्यांना ठाऊक होतं लोटीत काय आहे. आप्पा बैलाच्या शिंगाकडे बघायला लागले.

जिजीनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. फुईच्या हातून पिताना ती कधी डोळे उघडे ठेवायची नाही, लहानपणापासून.

मी लोटीवर हात मारला. जेवढा जोर होता तेवढ्यानं. काठ जिजीच्या ओठाला लागून ओठ फुटला, लोटी दगडावर आपटून गल्लीभर वाजत गेली, फुई मागं पडता पडता वाचली. बायका ओरडल्या. "बघा! बघा हो, काय पोरगं आहे!" विहीणबाई म्हणाल्या, "बहिणीला मारतो!" आणि आप्पांनी मला मारलं. या वेळी हलकं नाही. जिजी ओठाला पदर लावून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी अजून लिहू शकत नाही. मी खाली बसलो, तिच्या पदरावर रक्त किती आणि पाणी किती ते बघितलं. तोंडात काही गेलं नव्हतं. सगळं मातीवर सांडलं होतं. मग मी आप्पांचा दुसरा फटका खायला उभा राहिलो.